बांडाला दोन ओळी तरी द्या

संपादक साहेब,
तुमच्या स्पोर्ट्सच्या पानावर आयपीएलच्या नेट प्रॅक्टिसचा पण फोटो येतो, पण झांबियाच्या महिला फुटबॉल टीमची कॅप्टन बार्ब्रा बांडा कुठेच दिसत नाही. अहो, टोकियो ऑलिम्पिकमध्ये नेदरलँड्सने झांबियाला १०-३ धुतलं, त्यातले तिन्ही गोल हिचे, आणि लगेच पुढच्या मॅचला चीनविरुद्ध ४-४ मध्ये परत हॅटट्रिक! पॅरिस ऑलिम्पिकला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिसरी, ५-२ ने पुढे असून ६-५ ने हरले (डिफेन्सचा पार बट्ट्याबोळ). आधी ही बाई बॉक्सिंग करायची. २०२२ च्या आफ्रिका कपला पात्रतेच्या नियमावरून बाहेर बसवलं, तरी २०२४ ला अमेरिकेत ऑर्लँडो क्लबकडून लीगच्या फायनलचा एकमेव गोल हिनेच मारला. तेव्हा तरी छापायचं ना!
– एक वाचक