‘काढू का ठेवू?’ असं विचारणाऱ्या चाचांना

चाचा, सादर नमस्कार.

परवा माझ्या वडिलांची, अण्णांची, रंगवायला दिलेली सायकल घ्यायला आले तेव्हा तुमच्याशी धड बोलताच आलं नाही. घसा दाटून आला होता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. अण्णांच्या सायकलीला आधी ज्यांचे हात लागले त्यांच्याबद्दल मी चार ठिकाणी चिडून बोलले आहे. तुमच्याबद्दल गप्प बसणं मला पटेना.

तुमच्याकडे सायकल आली ती जखमी होऊनच. “फ्रेम ठेवून जा, दोन दिवसांत चकाचक,” म्हणणाऱ्यांनी पुढच्या चाकाच्या चिमट्यावर ग्राइंडर फिरवला. रंगाबरोबर लोखंडही गेलं, खोल चरे पडले. वर तो उघडा चिमटा ऐन जुलैत आठ दिवस तसाच टाकून दिला. मी गेले तेव्हा त्यावर तांबूस गंज चढला होता. “जुनं लोखंड आहे, चालायचंच,” एवढंच उत्तर मिळालं. फ्रेमला वाळूचा मारा करायचं चाललं होतं, तेवढ्यात मी ती रिक्षात घालून घेऊन आले. १९६८ सालची सायकल आहे ती. कसबा पेठेतून खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत अण्णा तीस वर्षं तिच्यावर गेले.

तुम्ही आधी नुसता हात फिरवून पाहिलात, तिन्ही नळ्यांवरून, जोडांवरून. पेंट रिमूव्हर लावून रंग फुगायची वाट पाहिलीत. नंतर पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासत होतात. मी म्हटलं, कोरडं घासलं तर लवकर होईल ना? तुम्ही म्हणालात, “जुन्या रंगात शिसं असतं ताई. धूळ उडवायची नाही, इथं पोरं खेळतात.” त्याच वेळी माझी काळजी मिटली. शेजारच्या पोरांच्या श्वासाचा विचार करणारा माणूस माझ्या वडिलांची वस्तू बिघडवणार नाही.

पण मला जन्मभर आठवेल तो तुमचा फोन. “काळ्याखाली मरून रंग आहे, त्याच्याखाली पिवळ्यात काहीतरी लिहिलंय. काढू का ठेवू?”

मी शहराबाहेर होते. तुम्ही दोन दिवस थांबलात. बाकीची फ्रेम उघडी झालेली, हवा दमट, गंज चढू नये म्हणून तिला त्याच संध्याकाळी रेड ऑक्साइड मारलंत आणि सीटखालच्या नळीवरचा तेवढा वीतभर तुकडा कापडात गुंडाळून ठेवलात. आजारी माणसाचा हात बांधावा तसा.

मी आईला घेऊन आले. तिचं वय ८१, तिला जवळचं नीट दिसत नाही. तिनं त्या आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “२७१६. यांचा टोकन नंबर.” फॅक्टरीच्या स्टँडवर सगळ्या सायकली काळ्या, एकसारख्या, सुटीचा भोंगा झाल्यावर आपली पटकन सापडावी म्हणून अण्णांनी तो स्वतः रंगवला होता. पुढे दादा कॉलेजला सायकल नेऊ लागला, त्यानं वरून मरून रंग दिला. मला हे काही ठाऊकच नव्हतं. अण्णांना जाऊन चार वर्षं झाली, आणि त्यांचं अक्षर अचानक समोर! त्यांचा सात नेहमी थोडा वाकडा यायचा, तसाच.

चाचा, तुम्ही तो घासून टाकला असता तर कुणाला कळलंही नसतं. मला तर नाहीच. मजुरी तेवढीच मिळाली असती, काम दोन दिवस आधी संपलं असतं. आपल्या हातात दुसऱ्याची वस्तू आहे, हे लक्षात ठेवून हात थांबवणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. कारागिरी शिकवता येत असेल, पण हे तुमच्यात कुठून आलं?

चरे भरून चिमटाही तुम्ही नीट केलात, त्याचे पैसे घ्यायला मात्र तयार नव्हतात. आईला हे कळल्यापासून ती माझ्यावर रागावली आहे. रविवारी चाचींना घेऊन जेवायला या, ती पुरण घालणार आहे. आमच्या दारावर पाटी नाही. सायकल बाहेरच लावून ठेवते. नंबर तुम्हाला ठाऊक आहेच.