जेन करणाऱ्या चाचांना, लोकरीच्या हिशेबासाठी

आदरणीय चाचा,

सलाम.

घरच्या ओट्यावर फेल्टचे, म्हणजे साबणपाण्यात चोळून घट्ट बसवलेल्या लोकरीचे कोस्टर, राख्या, गोळ्यांची तोरणं आणि मोबाईलच्या पिशव्या करणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र. आभार फोनवरही मानता आले असते. पण जेन, म्हणजे मेंढीची लोकर बसवून केलेलं जाड अंथरूण, करता करता तुमच्या हाताला जे कळलंय ते तुम्ही आम्हाला सुटं सुटं, जसा प्रश्न येईल तसं देत गेलात. ते एका जागी मांडून सगळ्यांसमोर ठेवावं असं वाटलं, कारण नव्याने हात घालणाऱ्या प्रत्येकाला तेच प्रश्न पडतात. मांडताना काही चुकलं असेल तर ते आमचं.

पहिले आभार तुमच्या नकाराचे. मफलरला तुमची लोकर चालेल का, या प्रश्नाला तुम्ही सरळ नाही म्हणालात. माल तुमचाच, गिऱ्हाईक समोर, तरीही. दख्खनी मेंढीची लोकर भरड. तिचा तंतू 40 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास किंवा त्याहूनही जाड, शिवाय त्यात केसासारखे कडक, आतून पोकळ तंतू मिसळलेले. मेरिनो या मऊ लोकरीच्या मेंढीचा तंतू 18 ते 24 मायक्रॉनचा. मानेला कुठली टोचणार हे वेगळं सांगायला नको. मात्र कपाखालची बैठक, गरम पातेल्याखालचं आसन, बुटात घालायचं तळवं, अशा घासल्या-दाबल्या जाणाऱ्या वस्तूंना मऊ मेरिनो फार दिवस पुरत नाही, तिथे भरड लोकरच हवी. बाहुलीच्या किंवा गोळ्याच्या पोटातही तीच भरावी, महागडी मेरिनो फक्त वरच्या थरापुरती. कोकराच्या पहिल्या कातरणीचं जावळ तुम्ही वेगळ्या गाठोड्यात बांधून देता, त्यामुळे मधला मार्गही मिळाला. नुसती काळी भरड लोकर बसायला दमवते. 70 ग्रॅम भरडीत 30 ग्रॅम जावळ पिंजून मिसळलं की बारीक तंतू जाड्यांना धरून ठेवतात आणि काम निम्म्या वेळात होतं.

आता ‘लोकर’ या शब्दाचा घोळ. आपल्याकडे दुकानात लोकर मागितली की हातात येतो तो गुंडा बहुधा ॲक्रिलिकचा असतो. स्वेटर त्याचा होतो, फेल्ट जन्मात होत नाही. मेंढीच्या तंतूवर माशासारखे खवले असतात. कोमट साबणपाण्यात ते उघडतात, घासलं की तंतू एकाच दिशेला, मुळाच्या बाजूला सरकत जातात आणि एकमेकांत अडकतात. मागे फिरायला वाट नसते, म्हणून बसलेली लोकर पुन्हा सुटी होत नाही. ॲक्रिलिकला खवलेच नाहीत. ओळख सोपी आहे. चिमटीत धरून दोन-तीन धागे जाळावेत. केस जळाल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर मेंढीची, वितळून टणक मणी झाला तर प्लॅस्टिकची. याच्याही पुढचा एक फसवा प्रकार म्हणजे ‘सुपरवॉश’ लिहिलेली अस्सल मेरिनो. ती जळण्याच्या परीक्षेत पास होते, पण मशीनमध्ये धुता यावी म्हणून तिचे खवले रसायनाने बोथट करून वर लेप दिलेला असतो. तासभर चोळलं तरी ती तशीच राहते. वेष्टनावरचा तो शब्द आधी शोधावा.

कच्ची लोकर धुण्याबद्दल तुमचं म्हणणं एवढंच होतं की पाण्यात भिजवायची, खेळायची नाही. आधी कोरडी झटकून कुसळं, गोखरू, लेंड्या, शेणाने चिकटलेली टोकं काढून टाकायची. जाळीच्या पिशवीत साधारण 200 ग्रॅम लोकर, बादलीत हात घालवणार नाही इतकं, म्हणजे साधारण 60 अंशांचं पाणी, त्यात रिठ्याचा काढा. पिशवी हलकेच दाबून बुडवायची आणि वीस मिनिटं विसरून जायचं. नळाची धार वर सोडायची नाही, पिळायचं नाही. दुसरं-तिसरं पाणीही तेवढंच गरम. गरम पाण्याने एकट्याने लोकर बसत नाही, त्याला चोळणं जोडीला लागतं. इथे चोळलं तर निवडण्याआधीच गठ्ठा तयार. कपड्यांची पावडर वापरणाऱ्यांना तुम्ही थांबवलंत तेही बरं झालं. डाग खाणारी जी एन्झाइम तिच्यात असतात ती प्रथिनावर काम करतात आणि लोकर म्हणजे प्रथिनच. ब्लीचचं तर नाव नको, त्यात लोकर विरघळते.

पिंजायला तुमच्यासारखी कमान घरात कुठून येणार! कुत्र्यामांजराचे केस विंचरायचे तारांचे दोन ब्रश समोरासमोर ओढले की काम भागतं. एका वेळी ब्रशवर चार-पाच ग्रॅमच. जास्त घेतली की गाठी आतच राहतात आणि नेमक्या वस्तूच्या तोंडावर येतात. पिंजून झालं की कापसाचा करतात तसा सैल पेळू करून ठेवावा, घड्या घालू नयेत.

सगळ्यात मोठं ऋण आटण्याच्या हिशेबाचं आहे. पाणी पडण्याआधी फूटपट्टी काढायची ही सवय तुमची. नीट बसलेली लोकर लांबी-रुंदीत साधारण 30 टक्के आटते, म्हणून हवं त्या मापाला 0.7 ने भागायचं. 10 सेंटिमीटरचा कोस्टर हवा तर थर 14 सेंटिमीटरचा. एका कोस्टरला 8 ग्रॅम लोकर, किराणा तोलायच्या डिजिटल काट्यावर मोजून. सहाचा संच असेल तर सहाही पुंजके आधीच वेगळे तोलून ठेवावेत, डोळ्यांच्या अंदाजावर सहाही जाडीला सारखे कधीच येत नाहीत. प्रत्येक पुंजक्याचे चार भाग करायचे. पहिला थर आडवा, दुसरा उभा, परत आडवा, परत उभा, आणि थर इतका विरळ की खालची चटई दिसावी. लोकर कात्रीने कापायची नाही, पेळूचं टोक तळहाताखाली दाबून ओढायचं. थर एकाच दिशेने लागले तर कोस्टर एका बाजूने आटतो आणि गोलाचा आंबा होतो.

साबणपाण्याचं प्रमाण लिटरला एक मोठा चमचा किसलेला साधा नारळतेलाचा साबण. पाणी हाताला सोसेल इतकं गरम, 45 ते 50 अंश. जिथे बोअरचं क्षारयुक्त पाणी आहे तिथे फेस होतच नाही, साबणाची पांढरी साय लोकरीत अडकते आणि काळ्या रंगावर राखेसारखी दिसते. अशा ठिकाणी या कामापुरतं साठवून गाळलेलं पावसाचं पाणी घ्यावं. थरावर पातळ जाळी (जुनी मच्छरदाणी चालते) अंथरून पाणी शिंपडायचं आणि तळहाताने हवा बाहेर काढायची. पहिली पाच मिनिटं नुसतं दाबायचं. मग बोटांच्या अगदी हलक्या हाताने गोल फिरवायचं, कडेकडून मधे. घाई इथेच नडते: सुरुवातीलाच जोर केला तर वरचा थर आधी बसतो, खालचा सुटा राहतो आणि दोन्ही वेगळे पापुद्रे होतात. पाणी जास्त झालं तरी बिघडतं, कारण तंतू तरंगतात, एकमेकांना भेटत नाहीत. चटई तिरकी केल्यावर पाणी ओघळलं तर जास्तीचं टॉवेलने टिपून घ्यावं. साबण जास्त पडला तर फेसाची उशी होऊन तंतू घसरत राहतात.

चिमटीची परीक्षा तुमचीच. वरून चिमटीत धरून उचलावं. एकेक तंतू सुटून आला तर अजून चोळायचं, अख्खा थर कातडीसारखा वर आला तर गुंडाळायला घ्यायचं. बांबूच्या छोट्या चटईत गुंडाळी करून पुढेमागे शंभर वेळा लोळवायची, मग पाव वळण देऊन पुन्हा शंभर, चारही बाजूंनी. ज्या दिशेला गुंडाळी तिकडेच वस्तू आटते, म्हणून लांबट झालेला कोस्टर लांबीच्या दिशेने आणखी पन्नासदा लोळवला की गोल होतो. शेवटी गरम पाण्यात बुडवून ओट्यावर चाळीस-पन्नास वेळा आपटायचं. शेजाऱ्यांनी दार वाजवलं तरी हे वगळू नये. न आपटलेला कोस्टर आठवड्यात बोंडं सोडतो. मग साध्या पाण्यात फेस जाईपर्यंत धुऊन शेवटच्या पाण्यात लिटरला एक चमचा पांढरं व्हिनेगर. साबणाचा अंश राहिला तर लोकर कालांतराने चरचरीत होते, व्हिनेगर तो मारतं.

तोरणाच्या गोळ्यांना तुमचं जेनाचं ज्ञान थेट लागू पडत नाही असं वाटलं होतं, पण दुखणं तेच निघालं. गोळ्यावर भेगा पडतात, मेंदूसारख्या वळ्या येतात, कारण सैल पुंजका ओला करून लगेच दोन हातांत आवळला जातो. 2 सेंटिमीटरच्या गोळीला 1 ग्रॅम, अडीचच्या गोळीला 2 ग्रॅम लोकर धरावी. निम्मी लोकर कोरडीच लाडू वळतो तशी घट्ट गुंडाळायची, उरलेली पातळ पट्ट्यांनी आडवी-उभी लपेटायची. मग तीन-चार थेंब साबणपाणी आणि दोन्ही तळहातांत पिसाचं वजन असल्यासारखं फिरवायचं. साल धरली की हळूहळू जोर. भेग पडलीच तर दाबून मिटत नाही. वरून विरळ पट्टी लावून पुन्हा हलक्या हाताने सुरुवात करावी लागते. ओवायचं असेल तर गोळी ओलसर असतानाच गोधडीच्या जाड सुईने भोक पाडावं, सुकल्यावर सुई वाकते. गोळ्यांचं तोरण पाळण्यावर बांधू नये, तोंडात जाईल असा गोळा तान्ह्याजवळ नकोच.

पिशवीला मधे साचा लागतो. मोबाईलसाठी 10 बाय 17 सेंटिमीटरची तयार पिशवी हवी तर 14 बाय 24 चा तुकडा, फुग्याफुग्यांच्या प्लॅस्टिकचा किंवा पातळ फोमचा कापायचा. दोन्ही बाजू मिळून 25 ते 30 ग्रॅम लोकर. एका बाजूचे दोन थर ओले करून कडेबाहेर आलेली लोकर उलट बाजूवर ओढून घ्यायची, मगच तिथले थर द्यायचे. कडेला दोन्हीकडची लोकर जमून कंगोरा तयार होतो, म्हणून कडेचे थर मधल्यापेक्षा विरळ. साचा आत दुमडायला लागला की लोकर आटायला लागली असं समजावं, तोंड कापावं, साचा काढावा आणि पिशवीत हात घालून कंगोरा आतून चोळावा. हे पाच मिनिटांचं चोळणं ज्यांनी टाळलं त्यांची पिशवी कडेने ओळखू येते.

सुईचं काम, म्हणजे कोरड्या लोकरीत खाचांची सुई खुपसून ती बसवणं, तुमचं नाही, तरी त्यातही एक गोष्ट तुमच्या लोकरीने शिकवली. खाचांच्या सुया जितक्या मोठ्या आकड्याच्या तितक्या बारीक. भरड लोकरीला 36 ची लागते, राखीवरचं बारीक फूल मेरिनोने करायचं तर शेवटचा हात 40 ने. 40 ची सुई काळ्या लोकरीत खुपसली की मोडते. सुई ज्या कोनात गेली त्याच कोनात बाहेर यावी. मोडलीच तर टोक शोधल्याशिवाय वस्तू कुणाच्या हातात देऊ नये. लोहचुंबक फिरवला की ते सापडतं.

रंगासाठी तुम्ही आटपाडी-सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या साली जपून ठेवायला सांगितल्यात, त्याचे वेगळे आभार. 100 ग्रॅम कोरड्या लोकरीला 12 ग्रॅम तुरटी पाण्यात विरघळवून लोकर तासभर मंद आचेवर ठेवायची, उकळी येऊ द्यायची नाही, आणि भांड्यातच थंड करायची. मग सालींच्या गाळलेल्या काढ्यात तसंच. पिवळा उतरतो आणि टिकतो. हळदीचा पिवळा जास्त झगझगीत, पण उन्हात विटतो. वाणात द्यायच्या वस्तूला तो लावू नये. लोकर रंगाच्या गरम भांड्यातून काढून थंड नळाखाली धरण्याची खोड मात्र सगळ्यांनाच आहे, आणि त्याच झटक्यात थोडं चोळणं झालं की अर्धी लोकर तिथेच बसते.

पावसाळ्यात फेल्ट दोन-तीन दिवस सुकत नाही आणि ओल्या मेंढीचा वास घरभर. टॉवेलात गुंडाळून मशीनचा नुसता स्पिन द्यावा, पंख्याखाली जाळीवर पसरावं. अर्धवट सुकलेलं डब्यात भरलं की बुरशी, आणि डबा उघडा ठेवला की कसर. कडुनिंबाचा पाला कसरीला जरा दूर ठेवतो, पण आत आलेली अंडी त्याने मरत नाहीत. नवी आलेली कच्ची लोकर प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवणं हाच घरचा खात्रीचा उपाय. डांबरगोळ्या मुलांच्या वस्तूंजवळ नकोत.

चाचा, कातरलेली लोकर घ्यायला कुणी येत नाही म्हणून ती माळावर टाकून दिली जाते हे तुम्ही सांगितलंत. तुमच्या गाठोड्यांचा भाव तुम्हीच ठरवा आणि जावळाचा वेगळा लावा; निवडायची मेहनत तुमच्या घरातल्या बायकांची आहे, ती आमच्या हिशेबात आजवर नीट धरली गेलेली नाही. पुढच्या कातरणीची काळी लोकर खैरीत मिसळू नका, दोन्ही वेगळ्या हव्यात. संक्रांतीच्या वाणासाठी 12 किलो लागेल, त्यातलं निदान 3 किलो जावळ.

सोबत सहा कोस्टर पाठवले आहेत. पाच ठीक वाटतात. सहाव्याची कड उन्हासमोर धरल्यावर एका जागी विरळ दिसते, तोलून आणि चार थर देऊनही. ती जागा दोऱ्याने खुणावून ठेवली आहे. हातात घेऊन बघा आणि कुठे चुकलं ते कळवा.

तुमच्या,
घरी फेल्ट करणाऱ्या सगळ्याजणी