गवत ओळखणाऱ्यांना काम द्या

महोदय,
माझी मुलगी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरून परतली की तिच्या सलवारीला कुसळं टोचलेली असतात आणि पिशवीत पवन्या, मारवेल या गवतांच्या बियांच्या पुड्या. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालेल्या या गवताळ भागात गिरिपुष्पाच्या झाडांचीही लागवड झाली. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन, हा आपला जुना गैरसमज! तो निस्तरायला गवताची जाण असलेली माणसं हवीत. पण शिकलेल्या मुलांच्या वाट्याला येतात सहा-सहा महिन्यांचे प्रकल्प, तेही मानधनाची खात्री नसलेले. झाडं लावायला निधी मिळतो, मग माळ राखायला प्रत्येक जिल्ह्यात एक तरी कायमचं पद शासनाने निर्माण करावं.

— एक पालक, सोलापूर