पडलेलं दान काढून घेणारा नियम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळावर गेल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन पाच-सहा जण सहा सहा तास एकत्र बसून गोष्ट रचतात, ही गंमत मराठी वर्तमानपत्राने दखल घेण्याजोगी मानली, याचा फार आनंद झाला. मी स्वतः अकरा वर्षं हा खेळ खेळते आणि गेली चार वर्षं डंजन मास्टर म्हणून, म्हणजे गोष्ट पुढे नेणारी आणि नियम सांभाळणारी म्हणून, तो चालवतेही. पण लेखातलं एक वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. सुरुवातीच्या नियमांत स्त्री पात्रांवर काही बंधनं होती, असं सांगून लेखक पुढे म्हणतात की तो काळच तसा होता आणि तेव्हा त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. बंधनं होती हे खरं आहे. कुणाला काही वाटत नव्हतं हे मात्र खरं नाही, आणि त्यासाठीच हे पत्र.

आधी ती बंधनं काय होती ते सांगते, कारण लेखात ती एका ओळीत उरकली आहेत. माझ्या एका मित्राला जुन्या पुस्तकांच्या ढिगात या खेळाचं १९७८ सालचं खेळाडूंसाठीचं नियमपुस्तक मिळालं. मे महिन्याच्या सुट्टीत माझी भाची आली होती, आता नववीत जाईल. म्हटलं, एकदा जुन्या नियमांनी खेळून बघू. तिने पात्र ठरवलं: एका लोहाराची मुलगी, बापाचा घण घेऊन घराबाहेर पडलेली योद्धा. ताकदीसाठी तिने तीन फासे टाकले आणि तिन्हींवर सहा! अठरा. पोरगी खुर्चीवरून उठून नाचली. त्या पुस्तकात योद्ध्याला अठरा पडले की दहा बाजूंचे दोन फासे आणखी टाकायचे असतात. शंभरापैकी जो आकडा येईल, तो त्या अठराच्या पुढे लिहायचा. तिला पडले ८७. मी तक्ता उघडला. माणूस, पुरुष: शंभरपर्यंत. माणूस, स्त्री: पन्नासपर्यंत.

‘‘मावशी, पण पडलेत ना ८७?’’

तिच्याच वाक्यावरून या पत्राला शीर्षक सुचलं. आपल्याकडे सारीपाटापासून एक समज चालत आलेली आहे की पडलं ते दान पडलं. फाशाला समोर कोण बसलंय ते कळत नाही. इथे फाशाने ८७ दिले होते आणि पुस्तकाने त्यातले ३७ काढून घेतले. व्यवहारात त्याचा अर्थ असा: ८७ वर वार लागण्यासाठी दोन गुण जास्त मिळतात आणि घाव बसला तर चार गुणांची जादा इजा होते. पन्नासवर तेच एक आणि तीन.

आणि माणसांचं तरी बरं म्हणायचं. खेळात माणसांखेरीज इतर काल्पनिक जमातीही असतात. त्यांतल्या ड्वार्फ पुरुषाला अठराच्या पुढे ९९ पर्यंत जाता येतं, त्याची बहीण साध्या सतरावर थांबते. एल्फ स्त्री सोळावर. हाफलिंग या बुटक्या जमातीतल्या बाईची कमाल मर्यादा चौदा. त्या पुस्तकात ताकदीचा इजेतला फायदा सोळापासून सुरू होतो. म्हणजे हाफलिंग बाईने जन्मभर तलवार चालवली तरी तिच्या हातातल्या जोराची त्या खेळात कधी नोंदच होणार नाही. बदल्यात दुसऱ्या कुठल्या गुणात बाईला चार आकडे जास्त दिलेत म्हणावं, तर तेही नाही.

याचं समर्थन नेहमी ‘वास्तव’ या शब्दाने होतं. खऱ्या जगात पुरुष सरासरीने जास्त ताकदवान असतात, मग खेळात का नको? मी हे शांतपणे ऐकून घेते आणि हिशोब मांडून दाखवते. तीन फाशांवर अठरा पडायची शक्यता २१६ मध्ये एक. त्यापुढे पन्नासच्या वरचा आकडा यायची शक्यता निम्मी, म्हणजे ४३२ मध्ये एक. भाचीचं नशीब सोडलं तर आमच्या टेबलावर वर्षानुवर्षं ती वेळ येणार नाही. सरासरीचा तर इथे प्रश्नच नाही, कारण ज्या पात्राची आपण गोष्ट सांगतोय ते सरासरी नसतंच, म्हणून तर ते गोष्टीत असतं. ज्या जगात मंत्र म्हटला की हातातून आगीचा गोळा सुटतो आणि मेलेला माणूस जिवंत होतो, तिथे लोहाराच्या मुलीचा दंड तेवढा वास्तवाला धरून असायला हवा, हा आग्रह मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

हा एकच नियम असता तर मीही सोडून दिलं असतं. पण १९७६ साली या खेळाच्या ‘द ड्रॅगन’ मासिकाच्या तिसऱ्या अंकात लेन लाकोफ्का यांचा एक लेख आला, खास स्त्री पात्रांसाठीच्या नियमांचा. त्यात बाईच्या व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाचा आकडा काढून तिथे ‘सौंदर्य’ बसवलं होतं. स्त्री योद्ध्याची ताकद एका आठ बाजूंच्या आणि एका सहा बाजूंच्या फाशावर, म्हणजे चौदाच्या वर जायचा प्रश्नच नाही. भरीला पुरुषांना मोहात पाडायचे मंत्र. १९७९ च्या डंजन मास्टरसाठीच्या पुस्तकात, शहरातल्या रस्त्यावर पात्रांना कोण भेटेल हे ठरवणाऱ्या तक्त्यांत, वेश्यांसाठी बारा ओळींचा वेगळा पोटतक्ता आहे. त्यात कुंटणखान्यातल्या बाईपासून दलालापर्यंत सगळे वर्गवारी करून छापलेत. घरात तेरा वर्षांची मुलगी समोर बसलेली असताना ते पान मी उलटून पुढे गेले.

आता ‘कुणाला काही वाटत नव्हतं’ याबद्दल. खेळ बाजारात आला १९७४ मध्ये. १९७५ मध्येच स्त्रियांच्या प्रश्नावरून टीका झालेली होती आणि खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी युरोपातल्या एका हौशी नियतकालिकाला पत्र लिहून ती थट्टेवारी नेली होती. म्हणजे आक्षेप त्यांच्या कानावर गेला होता. १९७८ चा तो तक्ता त्यानंतर छापला गेला. जुलै १९८० मध्ये खुद्द ‘ड्रॅगन’ मासिकात, स्त्री खेळाडूंना बरोबरी हवी आहे आणि ती का नसावी, अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख आला. तो लिहिणाऱ्यांपैकी एक होत्या जीन वेल्स, टीएसआर या मूळ कंपनीने नेमलेल्या पहिल्या स्त्री गेम डिझायनर.

या जीन वेल्सबद्दल थोडं सांगायलाच हवं. १९८१ मध्ये त्यांनी लिहिलेलं ‘पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस’ हे साहस, म्हणजे खेळायला तयार अशा गोष्टीचं पुस्तक, छापून तयार झालं आणि कंपनीने प्रती परत घेतल्या. आक्षेप मुख्यतः चित्रांवर होता. एकात केसांनी बांधलेली बाई दाखवली होती. मग टॉम मोल्डवे यांनी ते नव्याने लिहिलं आणि दुकानांत गेलं ते तेच. चित्राबद्दल मलाही त्रास होतो. पण बारा ओळींचा तो तक्ता दुकानात राहिला आणि परत बोलावलं गेलं ते कंपनीतल्या पहिल्या स्त्री डिझायनरचं पुस्तक, हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

आणखी मागे गेलं तर फार सुंदर गोष्ट सापडते. १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावी गायगॅक्सनी खेळासाठी आपलं पहिलं तळघर, म्हणजेच ‘डंजन’, कागदावर आखलं, तेव्हा त्यात सर्वांत आधी उतरली ती त्यांची दोन मुलं: एर्नी आणि त्याची बहीण एलिस. दोघांना तांब्याच्या नाण्यांनी भरलेली पेटी सापडली, पण ती इतकी जड की उचलून नेता येईना. एर्नीला वेगळा तक्ता आणि एलिसला वेगळा, असं त्या टेबलावर काही नव्हतं. तो नंतर आला. म्हणजे ‘पहिल्यापासून असंच होतं’ असंही म्हणता येत नाही.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ताकदीवरची ही मर्यादा काढून टाकली. खेळाचं काही बिघडलं नाही. २०२४ मध्ये पन्नाशीच्या निमित्ताने मूळ कागदपत्रांचं जाडजूड पुस्तक निघालं. त्याच्या प्रस्तावनेत जेसन टॉन्ड्रो यांनी सुरुवातीच्या लिखाणातल्या स्त्रीद्वेषाबद्दल सरळ लिहिलं, तर त्यावर मोठा गदारोळ झाला. इलॉन मस्क यांनीही जाहीर नापसंती दाखवली. मला ती प्रस्तावना योग्य वाटते. तिच्यामागे आलेली कागदपत्रं जशीच्या तशी छापली आहेत, त्यातलं काही लपवलेलं नाही. आपल्याच घरातली जुनी वही उघडताना आधी काय दिसणार आहे ते सांगणं, यात वडीलधाऱ्यांचा अपमान कसला?

हे सगळं पन्नास वर्षांपूर्वीचं आणि सातासमुद्रापारचं आहे, असं कुणी म्हणेल. अकरा वर्षांपूर्वी इथेच पुण्यात एका कॅफेत मी पहिल्यांदा खेळायला बसले. योद्धा घेते म्हटल्यावर शेजारच्या मुलाने अगदी प्रेमाने सुचवलं, ‘‘ताई, तुम्ही हीलर घ्या ना, तुम्हाला ते जमेल.’’ तेव्हाच्या नियमपुस्तकात असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी गुपचूप हीलर, म्हणजे इतरांच्या जखमा बऱ्या करणारं पात्र, घेतला आणि वर्षभर तोच खेळत राहिले.

भाचीचे ८७ आम्ही तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी तिच्या लोहाराच्या मुलीने पुलावरच्या राक्षसाला एका घावात पाण्यात पाडलं.

लेखकांनी पुढचा भाग लिहायचं म्हटलं आहे. त्यात एलिस गायगॅक्स आणि जीन वेल्स यांची नावं यावीत. आणि ली गोल्ड यांचंही: १९७५ मध्ये लॉस एंजेलिसमधून त्यांनी ‘अलारम्स अँड एक्स्कर्शन्स’ हे खेळाडूंचं नियतकालिक सुरू केलं आणि जवळजवळ पन्नास वर्षं चालवलं. पहिल्या लेखात गायगॅक्स आणि खेळाचे दुसरे जनक डेव्ह आर्नेसन यांचे फोटो होते. या तिघींपैकी एकीचा तरी छापता आला तर पाहावं, ही विनंती.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे