आजीच्या ओव्यांची फाइल

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी तुटक बोलले, ते तुझ्या मनाला लागलं असणार. राग तुझ्यावर नव्हता गं. नव्या लॅपटॉपवर आजीच्या ओव्यांची फाइल उघडली, तर पानभर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. २१२ ओव्या आहेत त्यात. ती डोळे मिटून म्हणायची, हात जात्याचा खुंटा धरल्यासारखा फिरायचा, आणि मी कचेरीतून आल्यावर रात्री टाइप करायचे. माझ्या पोटात गोळाच आला.

दुकानातल्या मुलाने कारण नीट समजावलं. युनिकोड पद्धतीत प्रत्येक मराठी अक्षराला कॉम्प्युटरमध्ये स्वतःचा क्रमांक असतो; आपला फॉन्ट त्याच्या आधीच्या पद्धतीचा. कॉम्प्युटरच्या लेखी ती अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट त्यांच्या जागी मराठी अक्षराचं चित्र दाखवतो. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. त्याने जुन्या हार्डडिस्कवरून फॉन्ट आणून बसवला, ओव्या दिसल्या, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. पण तीच फाइल तुझ्या मोबाइलवर गेली की पुन्हा तोच गोंधळ. जुनं टायपिंगचं सॉफ्टवेअर तर विसरायलाच हवं. त्याचं लॉक, म्हणजे ज्याच्याशिवाय ते चालायचंच नाही ती छोटी डबी, सीपीयूच्या मागे लावावं लागायचं, या लॅपटॉपला ते लावायला जागाच नाही.

म्हणून जुन्या फॉन्टचा मजकूर बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून सगळं युनिकोडमध्ये आणलंय. बरंचसं बरोबर आलं, पण 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' झालंय. आजीच्या तोंडून असा शब्द कधी आला नसता. मग एकेक ओवी दुरुस्त करत बसले आहे, आणि तिथेच हात अडतो. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची, मग क. आताच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डमध्ये क आधी, वेलांटी नंतर. २९ वर्षं बोटांना एकच वळण होतं, ते असं चार दिवसांत कसं मोडेल? 'ऱ्य'साठी शिफ्ट धरून जेची कळ, मग डी, मग य, एवढं सापडायला मला दोन दिवस लागले. पण सापडलं, आणि त्या रात्री मी अकरा वाजेपर्यंत बसले होते.

मला खरा राग येतो तो न विचारता होणाऱ्या गोष्टींचा. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली परस्पर ऑनलाइन जातात आणि वर जागा संपल्याचा निरोप येतो. फाइलवर राइट क्लिक केलं तर जुनी ओळखीची यादी दिसत नाही, 'कॉपी' बारीक चित्रांमध्ये शोधावी लागते. माझ्या आईच्या ओव्या कुठे ठेवायच्या हे मला विचारायला नको?

तू पुण्याहून माझी स्क्रीन घेतलीस, बाण आपोआप फिरला, दहा मिनिटांत सगळं झालं. तुझी धावपळ मला कळते. पण मला काहीच कळलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच अडले. तर एका शनिवारी ये. माझ्या शेजारी बस, माऊस माझ्याच हातात राहू दे, आणि मी चुकले तर थांबव.

येताना मावशीकडून आजीची वही आण. १४० नंतरच्या ओव्या कागदावर फक्त त्याच वहीत आहेत, आणि त्या ताडून बघितल्याशिवाय मला फाइल पूर्ण म्हणता येणार नाही.

तुझी,
आई