लस बाळाला, व्यायाम आईला

महोदय,

खोकला आला, शिंक आली, भरलेली कळशी उचलली की थोडी लघवी सुटते, हे दुखणं बायका एकमेकींनाही धड सांगत नाहीत. पाणी कमी पितात, एसटीचा लांबचा प्रवास टाळतात, आणि 'बाळंतपणं झाली, आता चालायचंच' म्हणून गप्प बसतात. हल्ली मात्र 'ऑपरेशनविना इलाज' अशा जाहिराती दिसतात आणि त्यात लेझर पुढे असतं. यासाठी योनिमार्गात लेझर वापरणं सुरक्षित आणि उपयोगी असल्याचं सिद्ध झालेलं नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्येच दिला होता.

पहिला इलाज खरं तर फुकटातला आहे. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण जसं आवळून धरतो, तसे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आत-वर ओढायचे, काही सेकंद धरायचे, मग पूर्ण सैल सोडायचे. एका वेळी किमान ८ वेळा, दिवसातून तीनदा, निदान ३ महिने. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी ब्रिटनची 'नाइस' ही संस्था हेच सांगते, पण जाणकाराच्या देखरेखीखाली. ही अट महत्त्वाची. कित्येक जणी श्वास रोखून उलट खालीच जोर देतात आणि पंधरा दिवसांत 'गुण नाही' म्हणून सोडतात. वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या 'कोक्रेन' या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात व्यायाम करणाऱ्यांपैकी ५६ टक्के जणींनी बरं वाटल्याचं नव्हे, पूर्ण बरं झाल्याचं सांगितलं. न करणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. जोडीला वजन उतरवणं, बद्धकोष्ठता आणि जुना खोकला यांवर उपचार हवेतच. लघवीत रक्त किंवा जळजळ असेल तर आधी डॉक्टर.

आपल्याकडे सव्वा महिना मालीश, शेक, डिंकाचे लाडू सगळं साग्रसंगीत होतं. या स्नायूंची आठवण कुणालाच नसते. बाळाच्या ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसींसाठी आई केंद्रावर येतेच, आणि लस टोचल्यावर तिला अर्धा तास थांबवून घेतात. त्या अर्ध्या तासात परिचारिकेने किंवा आशाताईंनी 'खोकताना लघवी सुटते का?' एवढं विचारावं आणि व्यायाम शिकवावा. पुढच्या लसीला तो नीट जमतो का, हेही बघता येईल. आरोग्य विभागाने यासाठी या सेविकांना प्रशिक्षण द्यावं, ही विनंती.

– एक निवृत्त परिचारिका, सांगली
(कृपया नाव छापू नये.)