आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा

प्रिय आई-बाबा,
सा. न.

समुद्राकाठच्या मुक्कामात सकाळी काय, दुपारी काय हे ठरवण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक मागून घ्या. बहुतेक किनाऱ्यांवर दोन ओहोट्यांमध्ये साडेबारा तासांच्या आसपास अंतर असतं, आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते.

खडकांतली डबकी बघायला अमावास्या-पौर्णिमा आणि पुढचे दोन दिवस उत्तम, तेव्हाच्या मोठ्या भरती-ओहोटीत, म्हणजे उधाणात, ओहोटीचं पाणी सगळ्यात खाली उतरतं. पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघा आणि पाणी फिरलं की लगेच परता. पहिल्या तासात ते एकूण चढाच्या जेमतेम बाराव्या हिश्शाइतकं चढतं, म्हणून माणूस गाफील राहतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र प्रत्येकी पाव हिस्सा. तोवर पाठीमागची सखल घळ भरलेली असते आणि वाट बंद. बाबा, साध्या चपला नकोत. खडकांना चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या कापतात, तेव्हा जाड तळव्याचे बूट घाला आणि हिरव्या शेवाळावर पाय देऊ नका. आई, नक्षीदार, शंकूच्या आकाराचा शंख दिसला तर तो उचलू नकोस, रिकामा वाटला तरी. आतली गोगलगाय विषारी दात भाल्यासारखा मारते. काही जातींच्या डंखाने माणूस दगावतो.

उथळ पाण्यात वाळूवरून पाय घासत चाला. चाहूल लागली की वाळूत दडलेलं पाकट, म्हणजे एक चपटा मासा, निघून जातं. अंगावर पाय पडला तरच शेपटीचा काटा मारतं.

खारफुटीत होडीने जायचं ते पाणी चढत असताना. तेव्हा होडी रुतली तरी थोड्या वेळात पाणीच तिला उचलतं. ओहोटीत रुतली तर कित्येक तास चिखलातच बसावं लागतं. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांसाठी पूर्ण भरतीआधीचे दोन तास धरा, चिखलावर पांगलेले थवे पाणी काठाकडे ढकलत आणतं. दुर्बीण ८×४२ची, म्हणजे आठ पटीची आणि ४२ मिमी भिंगाची घ्या. दहा पटीच्या दुर्बिणीत हात जरा थरथरला तरी पक्षी नाचतो.

कासवांचा हंगाम असेल तर मात्र झोप मोडून जा. पांढरी टॉर्च, मोबाइल, फ्लॅश काहीही नको. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, तेवढी द्या. पाण्यातून वर येणारी मादी फार बुजरी असते, उजेड किंवा हालचाल दिसली तर अंडी न घालताच माघारी फिरते. तिने अंडी घालायला सुरुवात केल्याचं वाटाड्याने सांगितलं की मगच, तेही मागच्या बाजूने, जवळ जा. बहुतेक जातींच्या एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात आणि सुमारे दोन महिन्यांत पिल्लं निघतात. नर की मादी हे वाळूची ऊब ठरवते: साधारण २९ अंशांच्या वर वाळू तापली तर माद्या जास्त. म्हणून घरट्यावर सावली करणं किंवा वाळू उकरणं, दोन्ही टाळा.

पिल्लं उजळ क्षितिजाकडे धावतात, त्यामुळे व्हरांड्यातला एक दिवासुद्धा त्यांना उलट दिशेला ओढतो. अंधार पडताच समुद्राकडचे दिवे मालवा, पडदे ओढा. पिल्लांना उचलून पाण्यात सोडू नका, वाळूवरून त्यांचं त्यांना जाऊ द्या. आणि दिवसा कुणी खणलेले खड्डे दिसले तर संध्याकाळी बुजवून टाका. एवढंसं पिल्लू त्यात पडलं की वर चढू शकत नाही.

तुमची,
लेक